सगळ्यांचे अप्पा

धारवाडपासून हुबळीच्या रेल्वे वसाहतीपर्यंत गुरुनाथ इनामदारांना सगळे अप्पा म्हणत. कॉलेजचे प्राचार्य वयाने मोठे, तेही अप्पा म्हणत. बसचे कंडक्टर म्हणत, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरचा खेळाच्या सामानाचा दुकानदार म्हणे. मला सोडलं तर त्यांना अप्पा न म्हणणारी माणसं दोनच होती. एक त्यांची बायको, सुमनवहिनी. ती त्यांना काहीच म्हणत नसे. दुसरी त्यांची मुलगी मेधा. ती त्यांना ‘सर’ म्हणायची.

मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते, एकटी होते, आणि धारवाडात एकट्या बाईला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. अप्पांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, “बाई, आमच्या घरी या. माझी धाकटी बहीण आली असं समजेन.” त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं कृतज्ञ होते. अजूनही आहे, हीच अडचण आहे.

अप्पा कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच. मैदानावरचे अप्पा बघण्यासारखे होते. पहाटे पोरांच्या आधी हजर. चुन्याच्या रेघा स्वतः मारत, शिपायाला हात लावू देत नसत. उंच, ताठ, पांढरीशुभ्र पँट, गळ्यात शिट्टी; पण शिट्टी फारशी वाजवत नसत. आवाज कधी चढला नाही. दुसऱ्या कॉलेजांचे कोच कडेला उभे राहून कन्नड, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत पोरांच्या आया-बहिणी काढत, आणि अप्पा नुसते हाताची घडी घालून उभे. म्हणायचे, “शिवी देणारा कोच म्हणजे शिट्टी मिळालेला दारुडा.” एखादा पोरगा चुकला की जवळ बोलवत, “बारो मगा,” ये रे लेका, म्हणून खांद्यावर हात ठेवत आणि हळूच काहीतरी सांगत. पोरगा डोळे पुसत परत धावत सुटे. काय सांगत कुणास ठाऊक. पण त्या पोरांनी त्यांच्यासाठी जीव टाकला असता.

त्यांचा एक फोटो वर्तमानपत्रात आला होता. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एका पोराच्या बुटाची नाडी सुटली, आणि अप्पा गुडघ्यावर बसून ती बांधताहेत. चिखलात बसलेत, पांढरी पँट खराब झाली आहे. तो फोटो कॉलेजच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावला होता. पालकसभेत प्राचार्य त्याच्याकडे बोट दाखवत, “ही आमची संस्कृती.”

त्या फोटोतली पँट सुमनवहिनींनी घासून घासून धुतली, हे सांगायला नकोच. पण मी रोज संध्याकाळी जिन्यावरून वेगळं दृश्य बघत होते. अप्पा घरी आले की पडवीतल्या खुर्चीत बसत आणि एक पाय पुढे करत. बोलत काही नसत. वहिनी कणीक मळत असल्या तर हात पुसून येत, शहाबादी फरशीवर बसत आणि त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडत. मग दुसरा पाय. पुढे वहिनींची बोटं संधिवाताने वाकडी झाली, गाठ सुटायला वेळ लागायचा. अप्पा वर्तमानपत्र वाचत थांबून राहत. घाई करत नसत. रागावतही नसत.

ते घरी कधीच रागावत नसत, आणि हे मला समजायला खूप दिवस लागले. पहिली काही वर्षं मी वहिनींना म्हणायची, तुम्ही नशीबवान, घरात वरचा आवाज नाही. त्या हसून आत जायच्या. त्या घरात आवाजच नव्हता. चहा हवा असला की अप्पा स्टीलचा पेला फरशीवर आपटत. एकदा आपटला तर चहा, दोनदा आपटला तर पाणी. आमटीत मीठ जास्त झालं, किंवा वहिनी विचारल्याशिवाय माहेरच्या माणसाशी बोलत उभ्या राहिल्या, तर बोलणं बंद. कधी आठवडा, कधी त्याहून पुष्कळ जास्त. त्या काळात ते ताट समोर आलं की जेवत, मेधाच्या प्रगतिपुस्तकावर सही करत, पण दोघींकडे बघत नसत. मेधा लहान असताना एकदा वर माझ्याकडे आली आणि विचारलं, “आत्या, मी दिसते का तुम्हांला?” मी म्हटलं, “दिसतेस की. का गं?” ती म्हणाली, “सरांना नाही दिसत आज.”

आणि रविवारी हेच घर गजबजलेलं. अख्खा संघ जेवायला. ‘अप्पांच्या घरचं रविवारचं जेवण’ ही दोन्ही शहरांत ख्याती होती. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, गोडाचा सांजा. अप्पा स्वतः वाढत फिरत. “साकु, पुरे म्हणू नको, अजून एक घे, उद्या पळायचं आहे.” कुणाची आई आजारी, कुणाची फी राहिली, कुणाची बहीण लग्नाची, सगळं त्यांच्या लक्षात. पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या बाईला पोरं जाताना ‘काकू, येतो’ म्हणत, आणि अप्पांच्या पाया पडत.

मेधा आजारी पडली ती नऊ-दहा वर्षांची असताना. साधा ताप म्हणून दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी मान ताठ झाली, तिला ओळख पटेना. अप्पा संघ घेऊन बेळगावला गेले होते. मी आणि वहिनी तिला रिक्षात घालून हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. मेंदूज्वर, असं डॉक्टरांनी सांगितलं. जगेल का, ते सांगितलं नाही.

मी रस्त्यावरच्या बूथवरून बेळगावच्या कॉलेजात फोन लावला. अप्पांना बोलावून आणायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. 

“डॉक्टर आहेत ना तिथं?”

“आहेत. पण सर, वहिनी…”

“मग मी येऊन काय करणार बाई? उद्या फायनल आहे. सुमनला म्हणावं, धीर धर. आणि एक करा. पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांचं लक्ष उडेल.”

मी परत येऊन वहिनींना सांगितलं, पोरांना कळू देऊ नका, आणि उद्याची मॅच झाली की येतो म्हणाले. ‘येतो’ हा शब्द माझा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघ जिंकल्याची बातमी दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरने आणली. तो फुटबॉलचा वेडा होता. वहिनी बाकावरून उठल्या, केस सारखे केले, दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बेळगाव-हुबळी काही परदेश नाही. शेवटची गाडी आली असेल, गेली असेल, तरी त्या उभ्याच. अप्पा आले नाहीत. सकाळी बेळगावात मिरवणूक होती, मग आमदारांच्या हस्ते सत्कार होता. ते त्यानंतरच्या दुपारी आले, गळ्यात हार, मागे पोरांचा घोळका. वॉर्डात आले, मेधाच्या उशाशी बसले आणि पोरांसमोर हुंदके देऊन रडले. सगळा संघ रडला. परिचारिका रडली. वहिनी तेवढ्या रडल्या नाहीत. त्या पोरांना बसायला जागा करून देत होत्या.

मेधा वाचली. तिचा उजवा कान कायमचा गेला.

पुढे ही गोष्ट गावभर झाली. पोटची पोर मरणाच्या दारात असताना अप्पा संघाला सोडून गेले नाहीत. बक्षीस समारंभांत सांगितली जायची, नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितली जायची. मेधा त्याच कॉलेजात शिकली. तिच्यासमोरही सांगितली जायची. तिची पाठ सरळ होई आणि ती पुढे बघत राही.

मिलिंद कांबळे आला तो त्यानंतर काही वर्षांनी. वडील अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाल. काळासावळा, बुटका, पण पायात चेंडू आला की मैदान थांबून बघे. अप्पांनीच त्याला एका गल्लीतल्या सामन्यात हेरला, कॉलेजात प्रवेश मिळवून दिला, पुस्तकं दिली, बूट दिले. कॉलेजच्या एका थोर प्राध्यापकांनी त्याच्या जातीवरून काही कुजबुज केली तेव्हा अप्पांनी भर स्टाफरूममध्ये त्यांना गप्प बसवलं. मी तिथे होते. ते नाटक नव्हतं. माणूस सरळसरळ पूर्ण वाईट असता तर बरं झालं असतं, असं मला त्यांच्याबद्दल नेहमी वाटत आलं आहे.

मिलिंदला रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी मिळायची जवळजवळ पक्की होती. विद्यापीठाच्या स्पर्धेनंतर चाचणी व्हायची होती. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आमच्या घरी आला. मी पडवीच्या कट्ट्यावर कुंड्यांची माती बदलत होते. तो अप्पांना म्हणाला, “अप्पा, डॉक्टर म्हणतात पाय टेकवायचा नाही. आता खेळलास तर पुन्हा खेळणार नाहीस, म्हणाले.”

अप्पांनी ‘खेळ’ असं म्हटलं नाही. हे मी शपथेवर सांगेन. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मगा, तुझा पाय, तुझा निर्णय. मी काही बोलणार नाही. दुसऱ्या कुणाला उतरवू. हरू. हरणं काही पाप नाही.” थोडं थांबले. “फक्त तुझ्या बाबांना मी शब्द दिला होता, तुमचा मुलगा पळून जाणाऱ्यातला नाही म्हणून. असू दे.”

मिलिंद म्हणाला, “खेळतो की, अप्पा. एवढं काही दुखत नाही.”

तो गेल्यावर मी हात धुतले आणि विचारलं, “सर, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?”

अप्पा हसले. “बाई, तुम्ही झाडं शिकवता. छाटल्याशिवाय झाड वाढतं का?”

“ते झाड नाही सर. हमालाचा एकुलता एक मुलगा आहे.”

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यानंतर मात्र ते माझ्याशीही दोन महिने बोलले नाहीत. भाडं मी वहिनींच्या हाती द्यायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, त्या घरात न दिसणं म्हणजे काय.

मिलिंद खेळला. पहिल्या अर्ध्यात गोल केला, दुसऱ्या अर्ध्यात पडला आणि उठला नाही. संघ जिंकला. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं तेव्हा अप्पा डोळे पुसत म्हणाले, “पोराने माझ्यापासून दुखापत लपवली. कळलं असतं तर मी त्याला मैदानात पाऊल टाकू दिलं असतं का?” छापून आलं तसंच. मिलिंद दवाखान्यात होता. त्याने वाचलं असेल. 

रेल्वेची नोकरी गेली. पुढच्या रविवारच्या जेवणाला तो काठी टेकत आला, त्याच्यानंतरच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला वहिनी त्याला वाढत असताना अप्पा दुसऱ्या पोराला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मोडक्या गोलपोस्टला जाळी बांधून उपयोग नाही.” म्हणायचं होतं ते कॉलेजच्या मैदानावरच्या गोलपोस्टबद्दल. तसंच बोलणं चाललं होतं. पण मिलिंदने हात धुतले, ‘काकू, येतो’ म्हणाला आणि पुन्हा आला नाही.

दोन हजार सालानंतर अप्पा निवृत्त झाले. सत्कार असा झाला की तसा कुठल्या मंत्र्याचा होऊ नये. हॉल भरून लोक रस्त्यावर. जुने खेळाडू मुंबई, बंगळूर, गोव्याहून आले होते. मेधा तेव्हा पुण्यात नोकरी करत होती. वहिनींनी फोन करून करून तिला बोलावलं, लोक काय म्हणतील म्हणून. ती पहिल्या रांगेत आईच्या आणि माझ्या मध्ये बसली.

तिथे मिलिंद भेटला. लंगडत आला, हातात मोठा हार. गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो म्हणाला. मी विचारलं, “उभं राहून?”

“होय की. लेथवर बसून कसं चालेल, बाई?”

“आणि गुडघा?”

“संध्याकाळी सुजतो थोडा.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ज्यांनी तो गुडघा घालवला, त्यांनाच हार?”

तो एकदम गंभीर झाला. “बाई, तसं म्हणू नका. अप्पा नसते तर मी अमरगोळला पोती उचलली असती. मला माणूस म्हणून कुणी पाहिलं असेल तर त्यांनी.” मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “पेपरात आलेलं ते त्यांनी म्हटलंच नसेल. पेपरवाले काहीही घालतात.”

त्याच्याजवळ उरलेली तेवढीच गोष्ट होती; ती काढून घेऊन मी त्याला काय देणार होते?

भाषणं सुरू झाली. बेळगावच्या त्या विजयाच्या वर्षीचा कप्तान उभा राहिला. आता मोठा अधिकारी, पोट सुटलेलं, आवाज भरून आलेला. म्हणाला, “ती फायनल आम्ही कशी जिंकली, हे आज सांगतो. अर्ध्या खेळाला आम्ही एका गोलाने मागे होतो. पाय गळाले होते. अप्पा आत आले. म्हणाले, पोरांनो, माझी मेधा हुबळीला दवाखान्यात आहे. जगेल की नाही माहीत नाही. मी तिच्याकडे गेलो नाही, तुमच्याकडे राहिलो. आता तिच्यासाठी दोन गोल करा. आणि मित्रहो, आम्ही दोन गोल केले!”

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. अप्पा व्यासपीठावर मान खाली घालून, हात जोडून बसले होते.

कप्तानाचा आवाज मेधाच्या उजव्या बाजूने येत होता. तिने मान वळवून, डावा कान पुढे करून विचारलं, “काय म्हणाला तो, आत्या? माझं नाव घेतलं ना?”

वहिनींनी उत्तर दिलं. त्या टाळ्यांत एवढ्या शांतपणे बोलल्या की आम्हां दोघींनाच ऐकू आलं.

“पोरांना कळू देऊ नका, असा निरोप होता आपल्याला,” त्या म्हणाल्या. “आणि ह्यांनीच सांगितलं. मॅच जिंकायला.”

मग वहिनींना व्यासपीठावर बोलावलं. शाल दिली. अप्पांनी माइकवर सांगितलं, “हिच्या त्यागाशिवाय मी काहीच नाही.” फोटो निघाले. वहिनी फोटोत हसल्या आहेत.

त्यानंतर पाच-सहा महिने गेले. वहिनी रोजच्यासारख्या स्वयंपाक करत होत्या, पेला वाजला की उठत होत्या. मला वाटलं, तेही त्यांनी गिळलं. एका सकाळी अप्पा मैदानावर गेले होते, निवृत्तीनंतरही जात. वहिनी जिना चढून वर आल्या. अंगावर बाहेरचं लुगडं, हातात एकच बॅग.

“बाई, रिक्षा बोलवा. पुण्याच्या गाडीला बसवून द्या.”

“मेधा बरी आहे ना?”

“बरी आहे. मी तिच्याकडे राहायला चाललेय. परत यायचं नाही.”

स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, “वहिनी, रागाच्या भरात तर नाही ना?”

“राग कधीच संपला हो,” त्या म्हणाल्या. वाकड्या बोटांनी पदराचा काठ चोळत होत्या. “त्या दवाखान्यात मी दाराशी उभी होते, आठवतं ना? मला इतकी वर्षं वाटायचं, यांना यावंसं वाटलं असेल, कर्तव्य आडवं आलं. त्या एका गोष्टीवर मी जगले. आणि तिकडे ह्यांनी पोरीच्या तापावर दोन गोल काढले.” गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, “भाकरीचं पीठ संपलंय, सांगा त्यांना.” मग स्वतःच मान हलवली. “नको. सांगू नका.”

गावात बातमी पसरायला दिवस लागला नाही. अशा देवमाणसाला या वयात टाकून गेली! स्टाफरूममध्ये बायकासुद्धा तेच म्हणाल्या. मी एकदा तोंड उघडलं, तर एक बाई म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्याच घरात राहता ना, बाई? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.” अप्पांबद्दलचा आदर त्या महिन्यात दुप्पट झाला. रोज कुणी ना कुणी डबा आणून देई.

मी खोली सोडायचं ठरवलं. बदलीचं निमित्त मिळालं होतं. सामान टेम्पोत चढवून झालं आणि किल्ली द्यायला खाली गेले. सकाळची वेळ. पडवीत कुणी नव्हतं. आत डोकावले तर अप्पा स्वयंपाकघरात, बनियनवर, गॅसच्या शेगडीपुढे उभे. ओट्यावर विझलेल्या काड्यांचा ढीग. दाढी वाढलेली, पाठीला पोक आलेलं. सकाळचा डबा आला नव्हता बहुतेक.

मला बघून ते दचकले. मग म्हणाले, “बाई, ही पेटत कशी नाही?”

मी शेगडीखाली हात घालून सिलिंडरची कळ फिरवली. ती बंद होती. वहिनी जाताना बंद करून गेल्या असतील, आणि तेव्हापासून त्या घरात चूल पेटली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला घाबरलेले दिसले. ओठ हलले. म्हणाले, “ती काही बोलली का हो? जाताना?”

मी उत्तर देणार, एवढ्यात फाटक वाजलं. बाहेरून तरण्या पोरांचे आवाज आले, “अप्पा! अप्पा आहात का?”

अप्पांनी खुंटीवरचा सदरा घेतला. तो अंगात घालता घालता त्यांची पाठ सरळ झाली. केसांवरून हात फिरवला. चेहऱ्यावर ते जुनं, मऊ, सगळ्यांना सामावून घेणारं हसू आलं. माझ्या शेजारून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“बर्रो, बर्रो! या, बसा.”

“काकू कधी येणार, अप्पा?” एका पोराने बिचकत विचारलं.

“तिला विश्रांती हवी होती रे. आयुष्यभर तुमच्यासाठी राबली,” अप्पा म्हणाले. आवाज नेमका जिथे भरून यायला हवा तिथे भरून आला. “ती जायला तयार नव्हती. मीच पाठवलं.”